ऑक्सफर्डचा छापखाना आणि बदलता वाचक

मराठी घरात एखादा इंग्रजी शब्दकोश असला, तर त्याच्या पाठीवर बहुधा 'ऑक्सफर्ड' हे नाव असते. कोणाला तो बक्षीस म्हणून मिळालेला असतो, कोणी तो अकरावीत गेल्यावर विकत घेतलेला असतो. मुखपृष्ठ निखळले तरी तो रद्दीत जात नाही. हे नाव ज्या विद्यापीठाचे, त्याच विद्यापीठाच्या मालकीचा हा छापखाना. त्याला भागधारक नाहीत. प्राध्यापकांचे एक मंडळ, ज्याला तिथे 'डेलिगेट्स' म्हणतात, त्याच्या मंजुरीनेच पुस्तके निघतात. राजे गेले, साम्राज्य गेले, शिशाचे खिळे गेले, तरी हे दुकान चालू राहिले. ते कसे राहिले, हे पाहण्यासारखे आहे. कारण विद्वत्तेचा खर्च कोणी भागवायचा आणि ती वाचकाच्या हाती कशी पोहोचवायची, हे प्रश्न ऑक्सफर्डइतकेच पुण्या-मुंबईचेही आहेत.

ऑक्सफर्डमधल्या मुद्रणाचा आरंभ एका छपाईच्या चुकीने झाला. कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला तो १४७६ साली. ऑक्सफर्डच्या पहिल्या पुस्तकावर मात्र साल आहे १४६८! रोमन आकड्यांतला एक 'एक्स' जुळाऱ्याच्या हातून सुटला आणि १४७८ चे १४६८ झाले. या एका अक्षरावरून पुढे विद्वानांनी बरीच शाई खर्च केली. ते पुस्तक ख्रिस्ती धर्मसूत्रावरचे लॅटिन भाष्य होते. अर्थात त्याचा वाचक म्हणजे लॅटिन जाणणारा धर्मपंडित, मूठभर माणसे.

१५८६ साली राजसत्तेच्या हुकमाने विद्यापीठाला छपाईचा हक्क मिळाला आणि सतराव्या शतकात आर्चबिशप लॉड यांच्या खटपटीने तो पक्का झाला. त्या हक्कातली सर्वांत मोलाची गोष्ट होती बायबल. घरोघरी खपणारे ते एकच पुस्तक. पुढे या संस्थेचे दोन भागच पडले. १८३० साली वॉल्टन स्ट्रीटवर जी नवी इमारत उभी राहिली, तिच्या एका बाजूला 'बायबल विभाग' आणि दुसऱ्या बाजूला 'विद्वत्ता विभाग'. एका बाजूला जे खपते ते छापायचे आणि दुसऱ्या बाजूला जे छापलेच पाहिजे ते छापायचे. या घराच्या पाचशे वर्षांचे गणित या दोन बाजूंत सामावले आहे.

'विद्वत्ता विभागा'तली पुस्तके किती खपत? १७१६ साली इथे इजिप्तमधल्या कॉप्टिक भाषेतला 'नवा करार' छापला गेला. प्रती काढल्या पाचशे. त्यातली शेवटची प्रत विकली गेली १९०७ साली. एकशे एक्क्याण्णव वर्षे ते पुस्तक विक्रीला होते! आजच्या हिशेबाने हा व्यवहार वेडेपणाचा. पण ज्या अभ्यासकाला १८५० साली ते पुस्तक हवे होते, त्याला ते मिळाले, हेही तितकेच खरे.

आपल्या देशाचा आणि या छापखान्याचा संबंधही याच विद्वत्तेच्या बाजूने आला. मॅक्सम्युल्लर यांनी सायणभाष्यासह संपादिलेला ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघाला. तो ऑक्सफर्डला छापला गेला आणि त्याच्या खर्चाला आरंभी ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत मॅक्सम्युल्लरनी तुरुंगात असलेल्या टिळकांना पाठवली होती. १८७९ पासून मॅक्सम्युल्लरांच्याच संपादकत्वाखाली पूर्वेकडील धर्मग्रंथांची पन्नास खंडांची माला निघाली. तिच्या आठव्या खंडात, १८८२ साली, भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद आहे आणि त्याचे अनुवादक आहेत मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग, जे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या घराने मराठी माणसाला वाचक म्हणून ओळखण्याआधी लेखक म्हणून ओळखले होते.

पण ज्या एका कामाने या छापखान्याची कसोटी पाहिली, ते काम म्हणजे मोठा इंग्रजी शब्दकोश. लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळाने १८५७ साली ठरवले की, असलेल्या कोशांत न आलेले इंग्रजी शब्द गोळा करायचे. त्यातून कल्पना वाढत गेली ती अशी : प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास द्यायचा. तो पहिल्यांदा कोणी वापरला, अर्थ कसकसा बदलत गेला, हे अवतरणांच्या पुराव्यानिशी सांगायचे. १८७९ साली ऑक्सफर्डने हे काम अंगावर घेतले आणि जेम्स मरे या शाळामास्तरांना संपादक नेमले. अंदाज होता दहा वर्षे, चार खंड. पाच वर्षांनी, १८८४ च्या फेब्रुवारीत, पहिला भाग बाहेर पडला. ३५२ पानांचा तो भाग 'ए' या अक्षराने सुरू होऊन 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दापाशी थांबला होता. कामाची गतीही मुंगीचीच होती.

इथे वाचकाचा प्रवेश होतो. इतकी अवतरणे कोण गोळा करणार? मरे यांनी 'इंग्रजी बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या लोकांना आवाहन' असे पत्रकच काढले. तुम्ही पुस्तके वाचा, शब्द सापडला की तो, त्याचे वाक्य, पुस्तक आणि पान चिठ्ठीवर लिहा आणि आमच्याकडे पाठवा. चिठ्ठ्या येऊ लागल्या. पुढे त्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली. मरे यांच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत खणाखणांची फडताळे होती, त्यांत त्या लावल्या जात. घरची मुलेसुद्धा खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या लावायला बसत. टपाल इतके वाढले की पोस्टाने त्यांच्या घरासमोर खास पत्रपेटी बसवली.

चिठ्ठ्या पाठवणारे कोण होते? त्यांत पाद्री होते, गृहिणी होत्या, शिक्षक होते. विल्यम मायनर नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर होते. मनाच्या आजारात त्यांच्या हातून खून झाला होता आणि ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या कोठडीतून ते हजारो अवतरणे पाठवत. फिट्झएडवर्ड हॉल हे दुसरे अमेरिकन. ते तरुणपणी कलकत्त्याजवळ जहाज फुटल्याने हिंदुस्थानात राहिले, संस्कृत शिकले, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले. पुढे इंग्लंडच्या एका खेड्यात एकांतात राहून त्यांनी वर्षानुवर्षे रोज कित्येक तास या कोशासाठी विनामोबदला काम केले. ज्या कोशाला आपण ऑक्सफर्डचा म्हणतो, तो वाचकांनी उभा केला होता.

छापखान्याचे चालक मात्र वैतागले होते. पैसा जात होता आणि अक्षरे संपत नव्हती. काम आटोपते घ्या, अवतरणे कमी करा, अशी तगादापत्रे मरे यांना येत. मरे नमले नाहीत. पण विक्रीच्या बाजूने एक शहाणपणाचा बदल झाला. मोठे, महागडे भाग काढण्याऐवजी १८९५ च्या सुमारास चौसष्ट पानांचे छोटे भाग अडीच शिलिंगांना विकायला सुरुवात झाली. साध्या वाचकाला ते झेपण्यासारखे होते. मरे १९१५ साली गेले, तेव्हा कोश पुरा झालेला नव्हता. तो पुरा झाला १९२८ साली. चार लाखांवर शब्द, अठरा लाखांवर अवतरणे. दहा वर्षांचे काम एकोणपन्नास वर्षांनी संपले.

अशा कोशाची किंमत वसूल कशी व्हायची? मोठा कोश ग्रंथालयांचा आणि धनवंतांचा. पण त्यासाठी जमलेले ज्ञान छोट्या पुस्तकांतून विकता येते, हे या मंडळींनी ओळखले. मोठ्या कोशाची शेवटची अक्षरे अजून व्हायची होती, तेव्हाच, १९११ साली, फाउलर बंधूंनी 'कन्साइज' म्हणजे संक्षिप्त कोश तयार केला. १९२४ साली खिशात मावणारा निघाला. बायबल विभागाने पूर्वी जे केले, ते आता छोटे कोश आणि शाळेची पुस्तके करू लागली.

या साखळीतले आपल्या सर्वांत जवळचे पुस्तक जन्मले जपानमध्ये. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ पासून जपानात इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या ध्यानात आले की, मोठमोठे कोश इंग्रज माणसासाठी केलेले आहेत. परक्या मुलाला अवघड शब्दाच्या अर्थापेक्षा सोप्या शब्दाचा वापर कळत नाही. या नामाचे अनेकवचन होते की नाही? या क्रियापदापुढे काय यायचे? या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर कोश केला. तो टोकियोत १९४२ साली, ऐन युद्धात निघाला. ऑक्सफर्डने १९४८ साली तो स्वतःच्या नावाने आणला. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून तो आशिया-आफ्रिकेत पसरला. मोजता येणाऱ्या नामापुढे 'सी' आणि न मोजता येणाऱ्यापुढे 'यू' लिहिलेला तो कोश आपल्याकडच्या शिक्षकांच्या पिढ्यांनी वापरला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असा वाचक या घराने गृहीत धरला, आणि त्या वाचकाने या घराला सांभाळले.

मुंबईत ऑक्सफर्डची शाखा १९१२ साली निघाली होती. पहिले व्यवस्थापक ई. व्ही. रिऊ, जे पुढे होमरच्या अनुवादासाठी आणि पेंग्विनच्या अभिजात ग्रंथमालेसाठी प्रसिद्ध झाले. शाखेचे मुख्य काम शालेय पुस्तके विकणे. पण रॉय हॉकिन्स हे व्यवस्थापक असताना, १९४४ साली, याच मुंबई शाखेने जिम कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरचे पुस्तक काढले आणि ते जगभर गेले. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांचा भारत-पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथही ऑक्सफर्डचाच. क्रमिक पुस्तकांनी दुकान चालवले आणि त्या आधारावर पक्ष्यांचे दहा खंड निघाले. वॉल्टन स्ट्रीटच्या दोन बाजू इथेही दिसतात.

यानंतरचा बदल यंत्राचा. मोठ्या कोशाला रॉबर्ट बर्चफील्ड यांनी १९५७ पासून पुरवणी करायला घेतली, ती १९८६ पर्यंत चार खंडांत पुरी झाली. दरम्यान १९७१ साली एक गमतीदार आवृत्ती निघाली होती. मूळ चार पाने एका पानावर बसतील इतक्या बारीक अक्षरात छापलेले दोन खंड आणि सोबत खणात ठेवलेले भिंग! ग्रंथालयातला कोश घरी आणण्याची ही युक्ती वाचकांना आवडली. पण मुख्य कोश आणि पुरवणी एकत्र करायची तर सगळे पुन्हा जुळवावे लागणार होते. तेव्हा १९८४ साली कोश संगणकात घालायचे ठरले. अमेरिकेत शंभराहून अधिक टंकलेखकांनी दीड वर्ष बसून सुमारे पस्तीस कोटी अक्षरे टंकली. आयबीएमने यंत्रे आणि माणसे दिली. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठाने एवढ्या मजकुरात हवे ते शोधण्याची पद्धत बसवली. त्या शोधपद्धतीतून पुढे 'ओपन टेक्स्ट' ही संगणक कंपनी निघाली. शब्दकोशाने संगणकशास्त्राला दिलेली ही देणगी फारशी कोणाला ठाऊक नसते.

१९८९ साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी ऑक्सफर्डने आपला ऐतिहासिक छापखाना बंद केला. शतकानुशतके शिशाचे खिळे जुळवणारी संस्था आता छापून घेणारी झाली. १९९२ मध्ये वीस खंड एका सीडीवर आले आणि मार्च २००० मध्ये कोश इंटरनेटवर गेला. तेव्हापासून तो दर तीन महिन्यांनी बदलतो. नवे शब्द येतात, जुन्या नोंदी सुधारल्या जातात. तिसरी आवृत्ती कागदावर कधी निघेलच असे आता कोणी म्हणत नाही. आणि सुधारणा 'ए'पासून नव्हे, 'एम'पासून सुरू झाली. सुरुवातीच्या अक्षरांत मरे यांची पद्धत अजून बसत होती, मध्यावर ती स्थिरावली होती, म्हणून सुरुवात मध्यावरून. कागदावर असे करता आले नसते.

वाचकाला मदतीला बोलावण्याची मरे यांची रीतही सुटली नाही. २००६ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरून लोकांना आवाहन झाले की, अमुक शब्दांचे याहून जुने पुरावे तुमच्या घरी असतील तर दाखवा. लोकांनी जुनी मासिके आणि कागदपत्रे बाहेर काढली, नोंदींची साले मागे गेली. २०१७ साली भारतीय भाषांतून आलेले सत्तरएक शब्द कोशात घातले गेले. त्यांत 'जुगाड' आहे, 'नाटक' आहे, 'सूर्यनमस्कार'ही आहे.

इथवर ही गोष्ट यशाची वाटेल. पण बदल करताना काय टाकायचे, हाही निर्णय असतो, आणि त्यावरून या घराने बोलणी खाल्ली आहेत. १९९८ साली ऑक्सफर्डने समकालीन कवींची पुस्तके काढणे बंद केले. कारण दिले ते तोट्याचे. ज्या घराने एका पुस्तकाच्या पाचशे प्रती विकायला दोन शतके वाट पाहिली, त्याने कवितेला तोट्यात काढावे, हे अनेकांना लागले. २००७ साली मुलांसाठीच्या छोट्या कोशातून ओकचे फळ, निळ्या घंटांची रानफुले, खंड्या पक्षी यांची नावे गेली आणि 'ब्लॉग', 'ब्रॉडबँड' असे शब्द आले. मुले जे बोलतात ते आम्ही नोंदवतो, असे कोशकारांचे म्हणणे. २०१५ साली मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्यासह अनेक लेखकांनी जाहीर पत्र लिहून विचारले की, मुलांना जे दिसेनासे झाले आहे, ते कोशातूनही काढायचे का?

भारतातला वाद अधिक थेट होता. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून त्यांचे संच विकणारे एक छोटे दुकान होते. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. प्रकाशकांचे म्हणणे असे की, आमच्या पुस्तकांचा बाजार बुडतो. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, एका प्रकरणासाठी हजारो रुपयांचे पुस्तक घेणार कोण? ज्यांची पुस्तके त्या संचांत होती, त्यांपैकी काही लेखकांनीच दावा मागे घ्या असे म्हटले. २०१६ च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने शिक्षणासाठी अशा प्रती काढण्याचे तत्त्व मान्य करून काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. एकेकाळी चौसष्ट पाने अडीच शिलिंगांना विकून वाचक जोडणारे हे घर, आणि त्याच्याच पानांच्या झेरॉक्स प्रतींवर दावा! दोन्ही गोष्टी त्याच प्रश्नाच्या आहेत : वाचकाला एकदम सगळे नको असते, थोडे हवे असते आणि त्याच्या खिशाला परवडेल असे हवे असते.

इंटरनेटच्या कोशाचाही असाच पेच आहे. कोश वर्गणी भरून पाहायचा. ब्रिटनमध्ये अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदाला तो आपल्या कार्डाच्या क्रमांकावर घरबसल्या मिळतो. ज्याच्या गावातल्या ग्रंथालयाला वर्गणी परवडत नाही, त्याने काय करायचे? शिवाय वीस खंड एकदा घेतले की ते कपाटात राहतात. वर्गणी थांबली की हाती काहीच उरत नाही. ऑक्सफर्डच्या शब्दार्थांचे जे मोफत संकेतस्थळ 'लेक्सिको' नावाने चालत होते, ते ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाले. रोज ते उघडणाऱ्याला एके दिवशी दुसऱ्याच कोशाच्या दारात नेऊन सोडले गेले. छापील पुस्तकाच्या बाबतीत असे होत नाही.

आपल्याकडे याच धर्तीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात चालू आहे. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा कोश करायला घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या केल्या गेल्या. मरे यांच्या खोलीला जे 'स्क्रिप्टोरियम' नाव होते, तेच इथल्या दालनालाही आहे. पहिला खंड यायला १९७६ उजाडले आणि काम अजून चालू आहे. त्याला बायबल विभाग नाही, खपाऊ छोटे कोश नाहीत. सरकारी अनुदान आणि अभ्यासकांची चिकाटी, एवढेच भांडवल. मराठीपुरते पाहिले, तर दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत काढलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' आज कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो, पण ती सोय केली आहे अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने.

ऑक्सफर्डकडून घ्यायचे ते काय? इतका पैसा आणि इतके वाचक आपल्याकडे नाहीत, हे उघड आहे. पण मरे यांना पहिल्या दिवशी जे मिळाले ते पैशाने मिळालेले नव्हते. कोकणातल्या होड्यांचे, खानदेशातल्या भाकरीच्या प्रकारांचे, सोलापुरातल्या मागांचे शब्द अजून माणसांच्या तोंडी आहेत. ते चिठ्ठीवर उतरवायला फार शिक्षण लागत नाही, आणि आता तर चिठ्ठीचीही गरज नाही, खिशातला फोन पुरतो. ती चिठ्ठी पाठवायची कुठे, तिला लावून ठेवणारे फडताळ कोणाकडे आहे, आणि तयार झालेला कोश पुन्हा त्याच माणसाला त्याच्या ऐपतीत वाचायला मिळेल का, एवढे आपल्या विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी ठरवायचे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)